वरून झालेला पंचनामा

मी तुमच्या बचत गटांची समन्वयक बोलतेय. एरवी मी तुमच्याशी कर्जाचे हप्ते, गटाचं दप्तर, शेळ्यांचा विमा असल्या विषयांवर बोलते. आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, ही बाई आज निघाली तरी कुठं? आज मी बोलणार आहे युद्धात उद्ध्वस्त झालेल्या शहरांबद्दल, आणि त्या शहरांच्या आभाळातून घेतलेल्या फोटोंबद्दल. हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडं द्या. शेवटी आपण आपल्याच उंबऱ्यावर येणार आहोत.

झालं असं. गेल्या महिन्यात एका गटाची मासिक बैठक होती. हजेरी झाली, बचत गोळा झाली, चहा यायचा होता. सचिव ताईंची लेक कॉलेजला आहे. तिनं मोबाइलवर दोन फोटो दाखवले. एकाच शहराचे, वरून काढलेले. एकात घरं, झाडं, रस्ते, सगळं जागच्या जागी. दुसऱ्यात त्याच जागी नुसता राखाडी ढिगारा. मोबाइल हातोहात फिरत आक्कांकडं आला. आमच्या या आक्का सत्तरीच्या आहेत, गटात आल्यावर सही शिकल्या. त्यांनी फोटो लांब धरून बघितला आणि विचारलं, "हे काढलं कुणी? एवढे बॉम्ब पडत असताना तिथं उभं कोण राहिलं?" मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "आणि आधीचा फोटो यांच्याकडं कसा? हे पडणार आहे, हे आधी कुणाला ठाऊक होतं?"

आक्कांचा हा दुसरा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण 'आधीचा फोटो' नसणं म्हणजे काय, ते मी स्वतः भोगलंय.

माझं सासर वारणाकाठी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, तो तुम्हाला आठवत असेलच. पाणी ओसरल्यावर आम्ही घरी परतलो तेव्हा घरात घोटाभर चिखल आणि मागची मातीची भिंत पूर्ण बसलेली. सासूबाई म्हणाल्या, आधी घाण काढा, मग बाकीचं. आम्ही दोघी जावांनी तीन दिवसांत पडलेल्या भिंतीची माती उचलून उकिरड्याकडं टाकली, ताडपत्री बांधली, जमीन सारवून घेतली. चूल पेटली तेव्हा कुठं जिवात जीव आला. त्यानंतर पंचनाम्याला माणसं आली. त्यांनी विचारलं, भिंत होती कुठं? केवढी होती? आम्ही हातानं दाखवलं. फोटो आहे का म्हणाले. घरात शोधून शोधून एक फोटो सापडला, दिराच्या हळदीचा. त्यात नवरदेवाच्या डोक्यामागं भिंतीचा हातभर तुकडा दिसत होता. नोंद झाली 'अंशतः पडझड' अशी. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. पण मला त्या दिवशी एक गोष्ट कळली. आवरलेल्या घरात नुकसान दिसत नाही.

आता हेच एका अख्ख्या शहराचं झालं तर?

युक्रेन देशात, अझोव्ह समुद्राच्या काठी, मारियुपोल नावाचं बंदराचं शहर आहे. चार लाखांच्या वर वस्ती होती. फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी रशियाच्या सैन्यानं या शहराला वेढा घातला. वीज गेली, पाणी गेलं, फोन बंद पडले. लोक तळघरांत राहू लागले. शहराच्या मधोमध एक मोठं नाट्यगृह होतं. तिथं शेकडो लोक आसऱ्याला आले, त्यात बायका आणि लेकरं खूप. इमारतीच्या पुढच्या आणि मागच्या अंगणात जमिनीवर त्यांनी मोठ्या पांढऱ्या अक्षरांत रशियन भाषेत एक शब्द लिहिला. त्याचा अर्थ, 'मुलं'.

कशासाठी लिहिला असेल? वरून विमान जाईल, त्यातल्या माणसाला दिसावं म्हणून. आपल्याकडं ड्रोननं गावठाणाची मोजणी झाली, तेव्हा घरांच्या हद्दी वरून दिसाव्यात म्हणून चुन्याची फक्की टाकून रेघा मारल्या होत्या, आठवतंय? तशीच ती अक्षरं. फरक एवढाच की आपल्या रेघा जागा कुणाची हे सांगत होत्या, आणि ती अक्षरं 'आम्हाला मारू नका' म्हणत होती.

१४ मार्च २०२२ ला मॅक्सार नावाच्या अमेरिकन कंपनीच्या उपग्रहानं त्या नाट्यगृहाचा फोटो घेतला. त्यात ती पांढरी अक्षरं स्वच्छ वाचता येतात. दोन दिवसांनी, १६ मार्चला, नाट्यगृहावर बॉम्ब पडला. नंतरच्या फोटोत छप्पर कोसळलेलं दिसतं, आणि दोन्ही बाजूंची अक्षरं मात्र तशीच आहेत. रशियानं हल्ला आपण केल्याचं नाकारलं. अॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्कांच्या संस्थेनं तपास करून हा रशियाचाच हवाई हल्ला असल्याचा निष्कर्ष काढला. पण एक गोष्ट त्या फोटोनं कायमची पक्की केली. बॉम्ब पडला त्याआधीपासून ती अक्षरं तिथं होती, आणि ती आभाळातून वाचता येत होती. 'आम्हाला दिसलंच नाही' असं म्हणायला जागा राहिली नाही.

आता आक्कांच्या पहिल्या प्रश्नाकडं येऊ. हे काढतं कोण आणि कसं?

उपग्रह म्हणजे पृथ्वीभोवती फिरणारं यंत्र. असे फोटो घेणारे उपग्रह साधारण पाचशे ते सातशे किलोमीटर उंचीवरून जातात आणि दीड तासाच्या आसपास पृथ्वीची एक फेरी पूर्ण करतात. खाली शांतता आहे की युद्ध, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. ते आपल्या वाटेनं जातात आणि फोटो घेत राहतात. म्हणूनच त्यांच्याकडं 'आधीचा' फोटो असतो. हे पडणार म्हणून कुणी तो काढलेला नसतो, तो रोजच्या कामात निघालेला असतो. प्रत्येक फोटोवर तारीख आणि वेळ नोंदलेली असते, आणि जागाही.

काही उपग्रह सरकारांचे आहेत, काही कंपन्यांचे. युरोपच्या अवकाश संस्थेच्या सेंटिनेल उपग्रहांचे फोटो कुणालाही फुकट मिळतात. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरची दहा मीटर जागा. तेवढ्यात गाव दिसतं, शिवार दिसतं, पण एकेक घर नीट दिसत नाही. कंपन्यांच्या चांगल्या उपग्रहांचा एक ठिपका म्हणजे साधारण एक फूट. त्यात घर, गाडी, पडलेलं छप्पर, रस्त्यातला खड्डा कळतो. माणूस मात्र त्यात एक-दोन ठिपक्यांचा. चेहरा नाही, लुगडं की विजार तेही नाही.

मग ढग असले तर? रात्र असली तर? त्यासाठी दुसऱ्या प्रकारचे उपग्रह आहेत, रडारचे. ते उजेडाची वाट बघत नाहीत. स्वतःच खाली लहरी सोडतात आणि परत येणारा प्रतिसाद नोंदवतात. आपण बाजारात मडकं घेताना काय करतो? बोटानं टिचकी मारतो. खणखणीत आवाज आला तर मडकं चांगलं, बद्द आवाज आला तर कुठंतरी चीर आहे. रडारचंही तसंच. घर उभं आहे तोवर दर फेरीला जवळजवळ तोच आवाज परत येतो. एका फेरीला आवाज बदलला की समजायचं, तिथं काहीतरी मोडलंय. ढग असोत, धूर असो, रात्र असो, टिचकी मारता येते.

आणि नुसते फोटो असून भागत नाही, ते वाचणारी माणसं लागतात. संयुक्त राष्ट्रांचं 'युनोसॅट' नावाचं उपग्रह केंद्र स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाला आहे. तिथली माणसं आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी ठेवून एकेक इमारत तपासतात. नष्ट झालेली, जबर नुकसान झालेली, मध्यम नुकसान झालेली, अशी वर्गवारी करतात. ऐकून हसू आलं ना? आपल्या पंचनाम्यातले 'पूर्णतः' आणि 'अंशतः' हेच की! गाझा पट्टीचा त्यांनी असाच वेळोवेळी हिशेब केला. १ डिसेंबर २०२४ च्या फोटोंवरून त्यांनी १,७०,८१२ इमारतींचं कमी-जास्त नुकसान नोंदवलं. म्हणजे तिथल्या दर शंभर इमारतींमागं सुमारे एकोणसत्तर. बाहेरच्या बातमीदारांना गाझात मोकळेपणी जाता येत नव्हतं, तेव्हा हा हिशेब वरून झाला.

पण अशा कागदाला कोर्टात किंमत आहे का, असं कुणी विचारेल. आहे. आफ्रिकेत माली देशात तिंबक्तू नावाचं जुनं शहर आहे. तिथल्या संतांच्या कबरींवरच्या शेकडो वर्षांच्या वास्तू २०१२ साली हत्यारबंद गटांनी पाडल्या. हेग शहरातल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात खटला चालला, तेव्हा त्या वास्तू आधी होत्या आणि नंतर नाहीत, हे दाखवायला उपग्रहाचे फोटोही पुढं ठेवले गेले. आरोपी अहमद अल-महदीनं गुन्हा कबूल केला. २०१६ मध्ये त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली.

खोटं बोलणाऱ्याला तारीख कशी आडवी येते, तेही ऐका. युक्रेनच्याच बुचा गावात, रशियाचं सैन्य मागं हटल्यावर रस्त्यात माणसांची प्रेतं पडलेली सापडली. रशियाचं म्हणणं असं की आमचं सैन्य ३० मार्चला तिथून निघालं, हा देखावा नंतर रचलाय. न्यूयॉर्क टाइम्स या वर्तमानपत्रानं उपग्रहाचे जुने फोटो काढून बघितले. १९ मार्चच्या फोटोत, म्हणजे रशियाचं सैन्य तिथं होतं तेव्हाच, त्याच रस्त्यावर त्याच जागी माणसाच्या आकाराचे काळे ठिपके होते. नंतर लोकांनी जमिनीवरून काढलेल्या व्हिडिओंतली प्रेतं आणि ते ठिपके जागेवर जुळले. एकटा ठिपका काही सांगत नाही. ठिपका, तारीख आणि जमिनीवरचा व्हिडिओ, तिन्ही एकत्र आले तेव्हा साक्ष उभी राहिली.

मैत्रिणींनो, इथवर ऐकून वाटेल की आता वर डोळा आहे, म्हणजे न्याय होणारच. तसं नाही. या पंचनाम्याला काय दिसत नाही, तेही सांगायला हवं.

वरून छप्पर दिसतं, भिंती नाहीत. भिंतीला भगदाड पडलंय, आत सगळं जळून गेलंय, पण वरचा स्लॅब शाबूत, तर ते घर फोटोत धडधाकट दिसतं. युनोसॅट स्वतःच आपल्या नकाशांवर लिहितं की हा प्राथमिक अंदाज आहे, जागेवर जाऊन पडताळलेला नाही. दुसरं, घर पडलेलं दिसतं, पण कुणी पाडलं हे नुसत्या फोटोवरून ठरत नाही. तिसरं, आत किती माणसं होती ते दिसत नाही. त्या नाट्यगृहात मेलेल्यांचा आकडा आजही वेगवेगळा सांगतात. अॅम्नेस्टीनं किमान बाराजण म्हटलं आणि खरा आकडा बराच जास्त असेल असंही म्हटलं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं वाचलेल्या लोकांशी बोलून तो सहाशेच्या जवळ सांगितला. बघा, केवढा फरक! इमारत वरून मोजता आली. आतली माणसं मोजायला वाचलेल्या माणसांनाच विचारावं लागलं.

आणि चौथी गोष्ट, हा डोळा कुणाच्या तरी मालकीचा आहे. अमेरिकेत १९९६ साली झालेल्या एका कायद्यामुळं तिथल्या कंपन्यांना इस्राएल आणि पॅलेस्टिनी भागाचे स्पष्ट फोटो विकता येत नव्हते, ते मुद्दाम धूसर करावे लागत. ही अट २०२० मध्ये सैल झाली. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या सरकारी व्यवस्थेतून युक्रेनला मिळणारे असे फोटो काही काळ थांबवले होते. म्हणजे चावी ज्याच्या हातात, कपाट त्याचं.

तरीही हे काम मोलाचं का, ते सांगते. मारियुपोल मे २०२२ मध्ये पूर्णपणे रशियाच्या ताब्यात गेलं. त्यानंतर तिथं पडक्या इमारती पाडून साफसफाई सुरू झाली. नाट्यगृहाभोवती उंच पडदे लागले आणि त्या डिसेंबरमध्ये त्याचा बराचसा भाग पाडून टाकला. जिथं गुन्हा घडला ती जागाच आवरून टाकली. आमच्या घरी आम्ही माती उचलली ती चूल पेटवायला. तिथं ढिगारा उचलणारे हात त्या घरच्यांचे नव्हते. मी आमचा पूर आणि त्यांचं युद्ध एका तराजूत घालत नाही. पण ढिगारा उचलला की साक्ष जाते, हे मला ठाऊक आहे.

त्या शहरात आता तपासनीस जाऊ शकत नव्हते. तेव्हा ह्यूमन राइट्स वॉच, युक्रेनची ट्रुथ हाउंड्स आणि सिटू रिसर्च या तीन संस्थांनी मिळून फोटो, व्हिडिओ, उपग्रहाची चित्रं आणि निसटून आलेल्या लोकांचं बोलणं एकत्र केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांचा अहवाल आला. शहराच्या मधल्या भागातल्या ४७७ बहुमजली निवासी इमारतींपैकी ९३ टक्के इमारतींचं नुकसान झालेलं. शहरातली १९ च्या १९ रुग्णालयं आणि ८९ शाळा-महाविद्यालयांपैकी ८६ यांना मार बसलेला. मग त्यांनी स्मशानभूमीकडं नजर वळवली. वरून नव्या कबरींच्या ओळी दिसत होत्या. त्या ओळी त्यांनी मोजल्या, जमिनीवरच्या फोटोंशी ताडून बघितल्या. मार्च २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात नेहमीपेक्षा किमान ८,०३४ मृत्यू जास्त झाले, असा त्यांचा अंदाज निघाला. खरा आकडा याहून मोठा असू शकतो, असंही त्यांनी नोंदवलं. कुणीतरी बसून एकेक कबर मोजली, मैत्रिणींनो. मेलेल्या माणसाची निदान गणती तरी झाली.

आणि जिवंत राहिलेल्यांसाठी? युरोपच्या देशांच्या परिषदेनं २०२३ मध्ये युक्रेनच्या नुकसानीची एक नोंदवही हेगमध्ये सुरू केली. एप्रिल २०२४ पासून पडलेल्या घरांचे दावे त्यात घेतले जाऊ लागले. पैसे कधी मिळतील हा पुढचा प्रश्न, पण नाव, घर, तारीख आज नोंदली जाते. ज्या बाईचं घर आज दुसऱ्याच्या ताब्यातल्या शहरात आहे, तिला परत जाऊन फोटो काढता येणार नाही. 'माझं घर इथं होतं' हे तिचं म्हणणं खरं की खोटं, हे ताडून बघायला वरचे फोटो आहेत.

पण वरचा फोटो एक गोष्ट कधीच सांगणार नाही. ते घर होतं, एवढं तो सांगेल. ते घर *तिचं* होतं, हे कागद सांगेल. आणि इथं आपण आपल्या उंबऱ्याशी आलो.

पुढच्या बैठकीत मी प्रत्येक गटाला चार कामं देणार आहे. पहिलं, आपापल्या घराचे चारही बाजूंनी फोटो काढा, आतून-बाहेरून, गोठ्याचे, शिलाई मशीनचे, गिरणीचेही. तारीख पडेल अशी सोय मोबाइलमध्ये असते, येत नसेल तर लेकीला विचारा. दुसरं, हे फोटो एकाच मोबाइलमध्ये ठेवू नका. गटातल्या दोघींकडं आणि लांबच्या एखाद्या नातेवाइकाकडं पाठवून ठेवा, मोबाइलही पुरात जातो. तिसरं, घराचा उतारा काढून बघा, त्यावर तुमचं नाव आहे का. घर दोघांच्या नावावर करण्याचा विषय घरात काढा. चौथं, देव न करो पण कधी पडझड झालीच, तर माणसं आणि जनावरं आधी सुरक्षित करा, आणि केरसुणी हातात घ्यायच्या आधी फोटो काढा.

हा कार्यक्रम लिहून झाल्यावर मी आक्कांना वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ती अक्षरं लिहिणाऱ्या बायांना वाटलं असेल, वरच्याला दिसलं की वाचू." मी म्हटलं, "हो आक्का. दिसलं तर होतं." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी कमरेचा मोबाइल काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "चल, आधी माझ्या घराचा काढ. आणि मला दारात उभी कर. घर कुणाचं ते कळू दे."

तो फोटो आता आमच्या गटाच्या दप्तरात लावलाय. मागं भिंत पूर्ण दिसतेय.